झरोक्यातलं शून्य

१

सोमवारी सकाळी जामनेरकडचे शेतकरी तोताराम नाना ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात केळीचं एक पान होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी आडवं टाकलं. हिरव्या पानावर पिवळ्या रेघा फुटल्या होत्या.

"हे पाह्य, हितेंद्रभाऊ. हरण्या आला माह्या बागात."

हरण्या म्हणजे केळीवरचा विषाणू. त्याला औषध नाही. खांब उपटायचा, पुरायचा आणि पुढे सरकायचं. मावा हा रोग पानावरून पानावर नेतो, त्यामुळे आज उशीर केला तर पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याची बाग जाते.

मी जळगावच्या हरितकंद रोपशाळेत प्रशासन बघतो. म्हणजे कुलपं, गाड्या, रजा आणि दुसऱ्यांच्या चुका. स्वभावाने मी संशयी आहे. बायको म्हणते, देवळातून बाहेर पडताना हा माणूस आधी चपला बघतो आणि मग वळून देवाला नमस्कार करतो. खोटं नाही ते.

आमच्याकडे केळीची टिश्यू कल्चर रोपं होतात. एक उत्तम कंद निवडायचा, त्याचे बारीक तुकडे बाटलीत वाढवायचे, आणि एकापासून हजारो रोपं करायची, सगळी अगदी त्या कंदासारखी. त्या मूळ कंदाला आमच्याकडे सगळे 'आई' म्हणतात. प्रत्येक आईला नंबर असतो. कुठे रोग निघाला की आधी विचारायचं, हे रोप कुठल्या आईचं? मग त्या आईची बाकीची रोपं ज्यांच्या ज्यांच्या शेतात गेली असतील, त्या सगळ्यांना त्याच दिवशी फोन करायचा. हा आमच्या धंद्याचा धर्म.

"आता इचारा तुमच्या मशीनले," नाना म्हणाले, "हिची माय कोनती अन् हिच्या बहिनी कोठे कोठे गेल्या. मी तं शुक्रवारीच फोन केल्ता. कोनी फिरकलं नाही."

आमच्या धुळे शाखेच्या तक्रार विभागाला मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि मोहिनी चौधरीला बोलावलं. आमच्या सगळ्या कॉम्प्युटरची व्यवस्था ती एकटी बघते. नानांनी ट्रेवरची पट्टी जपून ठेवली होती. मोहिनीने तिच्यावरचा नंबर टाकला आणि उत्तर लगेच आलं: आई सतरा.

"आता सतराची बाकीची रोपं," असं म्हणून तिने बटण दाबलं. पडद्यावर चकरी फिरू लागली. फिरतच राहिली. शेवटी 'फार वेळ लागत आहे, नंतर प्रयत्न करा' असं आलं. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मग तिने दुसरी एक खिडकी उघडली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि खुर्चीत मागे टेकली.

"सर, आई-इंडेक्स नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"कुणीतरी काढून टाकलाय."

२

मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, म्हणून मोहिनीने जसं मला सांगितलं तसंच सांगतो. आमच्या नोंदी कोट्यवधी आहेत. कुठला ट्रे कुठल्या रॅकवर, कधी हलवला, किती पाणी, किती तापमान, कुणाच्या गाडीत चढला, सगळं. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी सूची असते, अमुक शब्द अमुक पानावर, तसा इंडेक्स. सूची फाडली तर पुस्तकाचं पान एकही हरवत नाही, पण एक शब्द शोधायला अख्खं पुस्तक वाचावं लागतं. एवढं वाचायला लागलं की आमचं मशीन मध्येच हात टेकतं.

आणि ही सूची फाडली गेली होती शनिवारी दुपारी. मशीनने तेवढं लिहून ठेवलं होतं. कुणी काढली, त्यापुढे नाव होतं मालकांचं, अभयकुमार ललवाणी.

ह्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. अभयशेठचा पासवर्ड आम्हा सगळ्यांना पाठ आहे. "आपलंच घर आहे, कुलूप कुणासाठी?" असं म्हणून त्यांनीच तो वाटला. शेठ स्वतः, त्यांचा मुलगा अखिल, मोहिनी, प्रयोगशाळेचे डॉक्टर प्रेमराज बऱ्हाटे, धुळ्याच्या शाखेचा ललित भोळे, आणि मी. मी काढला नव्हता, एवढंच मला खात्रीने माहीत होतं.

आणखी एक गोष्ट पक्की होती. असा बदल फक्त जळगावच्या सर्व्हर रूममध्ये बसूनच करता येतो. धुळ्यात दुसरं मशीन आहे, पण ती इथल्याची प्रत. इथे जे बदलतं ते तिथे आपोआप बदलतं. तिथून काही बदलता येत नाही. सर्व्हर रूमची किल्ली चहाच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली असते. गेटवरचा कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे आणि दुरुस्तीवाला रोज उद्या येतो.

शनिवारी दुपारी तर सगळं ऑफिस रिकामं होतं, कारण शेठच्या मळ्यात भरीत पार्टी होती. आमच्याकडे थंडी पडली की भरीत पार्टी चुकवणं म्हणजे सख्ख्या भावाच्या लग्नाला न जाणं. वॉचमनसुद्धा तिथेच, भरीत घोटायच्या लाकडी बडगीभोवती उभा होता.

शेठनी सगळं ऐकलं आणि मोहिनीकडे वळले. शुक्रवारी तिने आम्हा सगळ्यांना मोबाइलवर एक निरोप पाठवला होता: 'झरोक्यात काही इंडेक्सचा वापर शून्य दिसतोय. ते काढण्याचा विचार आहे. कुणाला अडचण असेल तर कळवा.'

"शुक्रवारी विचार, शनिवारी कृती," शेठ म्हणाले. "आणि भरीत सोडून तू मधूनच निघून गेलीस. का?"

"डोकं दुखत होतं. घरी गेले."

"घरी कोण होतं?"

"कुणी नाही. आई जामनेरला गेलीय." ती थांबली. "शेठ, आधी मला तो इंडेक्स परत बांधू द्या. काही तास लागतील, पण आज संध्याकाळपर्यंत शेतकऱ्यांना फोन जातील."

"ज्या हातांनी तोडलं त्याच हातात परत किल्ली देऊ? मशीनला हात लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर पोलीस विचारतील."

खाली बाकावर नाना पान मांडीवर घेऊन बसले होते आणि कुठल्या कुठल्या शिवारात मावा एका पानावरून दुसऱ्यावर चालला होता. मला मोहिनीचा संशय आला होता, हे लपवत नाही. पण शेठना पोलीस नको होते. रोपशाळेचं नाव एकदा वर्तमानपत्रात आलं की कुणी रोप घेत नाही. त्यांनी धुळ्याला आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

३

कुसुमलता अक्का धुळ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्या एसटीने आल्या, शेठनी पाठवलेली गाडी परत पाठवून. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. लहानपणी शेठ त्यांच्याकडून गणितासाठी मार खायचे असं ऐकून आहे, आणि शेठ त्यांच्यासमोर अजून खुर्चीच्या काठावरच बसतात.

"हितेंद्र, तू माझ्यासोबत बस," त्या मला म्हणाल्या. "तुझा सगळ्यांवर संशय असतो ना? कामाला येशील."

पहिली मोहिनी.

"झरोका काय प्रकार आहे?" अक्कांनी विचारलं.

"मीच लिहिलाय. कुठला इंडेक्स किती वेळा वापरला गेला तो आकडा दाखवतो. तेवढंच. त्यातून काही बदलता येत नाही, काढता येत नाही. म्हणून तर नाव झरोका ठेवलं. बघायचं फक्त."

"बघितल्याने आकडा वाढतो का?"

"नाही. शोध घेतला तरच वाढतो. झरोका सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिलाय. ज्या ऑफिसात उघडाल त्या ऑफिसच्या मशीनचे आकडे दिसतात."

"आई-इंडेक्ससमोर काय दिसत होतं?"

"इथे शून्य. अक्का, पण मी दोन्हीकडचं विचारल्याशिवाय काही काढत नाही. म्हणूनच तो निरोप पाठवला. मला काढायचाच असता तर विचारलं कशाला असतं?"

"विचारून मग काढला की लोक म्हणतात, साधी आहे बिचारी," मी म्हणालो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझं पेन उगाच उघडझाप करू लागलो.

मोहिनीचे डोळे भरले होते, पण ती खाली बघत नव्हती. "माझ्या बाबांची बाग रावेरला आहे. हरण्याने एकदा सगळी गेली, मी शाळेत होते तेव्हा. हे माझ्या हातून होईल?"

ती गेल्यावर अक्का म्हणाल्या, "पुढचा."

४

पुढचा अखिल. शेठचा एकुलता एक, विक्री बघतो, पुण्याहून शिकून आलाय आणि ते विसरू देत नाही. भरीताच्या दिवशी दुपारी तो तासभर गायब होता हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि ते मी अक्कांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"झरोका शेवटचा कधी उघडलास आणि काय दिसलं?" अक्कांनी विचारलं.

"भुआ, मी तो उघडतच नाही. मला त्यातलं काय कळतं?" आत्याला तो भुआ म्हणतो.

"शनिवारी दुपारी कुठे होतास?"

"मळ्यातच."

"मळ्यात कुठे?"

अखिलने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, सापडला. हा मुलगा नव्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या म्हणून वर्षभर बापाच्या मागे लागला होता. जुनं मशीन कुचकामी ठरवायला ह्याहून सोपा उपाय कुठला?

"तुझा तो निळा शर्ट धुतलास का रे?" अक्कांनी विचारलं. "हितेंद्र सांगत होता, परत आलास तेव्हा बाहीवर हिरवा डाग होता."

अखिल लालबुंद झाला. "भुआ, पप्पांना सांगणार नसाल तर सांगतो."

गोष्ट अशी होती की ललवाणींच्या घरात वांगं खात नाहीत. धर्माप्रमाणे. शेठ दरवर्षी आम्हाला भरीत घालतात आणि स्वतः बाजूच्या टेबलावर दाल-बाटी खातात, मुलाला शेजारी बसवून. अखिलला हिरव्या वांग्यांचं ते भरीत जीव की प्राण. म्हणून तो दरवर्षी मागच्या शेडआड जाऊन ड्रायव्हर लोकांच्या पंगतीत बसतो, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा घास घेत.

मी चारही ड्रायव्हरांना एकेकटं गाठून विचारलं. चौघांनी तेच सांगितलं. एकाने वर हेही सांगितलं की छोटे शेठ तीन वेळा वाढून घेतात. माझा सगळ्यात आवडता संशयित वांग्याने वाचवला.

५

डॉक्टर प्रेमराज बऱ्हाटे शेठबरोबर आत आले तेव्हा मी उठून उभा राहिलो. सगळेच राहतात. हरितकंदचं नाव त्यांच्या हातांनी झालं. शेतकरी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात आणि आपल्या बागेत नेऊन पहिला घड त्यांच्या हाताने कापवतात. सतरा नंबरची आई तर त्यांचीच, यावलच्या एका बांधावरून त्यांनी स्वतः खांद्यावर आणलेली.

"शनिवारी तुम्ही भरीताला नव्हतात," अक्का म्हणाल्या.

"धुळ्याला शेतकरी मेळाव्यात भाषण होतं. सकाळी ते आटपलं. दुपारी तिथल्या आपल्या ऑफिसात बसलो. किल्ली आहे माझ्याकडे. सगळे इकडे आलेले, तिथे छान शांतता होती."

"झरोका पाहिलात?"

"हो, ललितच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडला. मोहिनीचा निरोप आला होता ना, म्हणून सहज. आई-इंडेक्ससमोर शून्य होतं." ते शेठकडे वळले. "शेठ, जो इंडेक्स कुणी वापरतच नाही तो नुसतं ओझं असतो. पोरीने साफसफाईच्या भरात काढला असेल. तिच्या मनात वाईट नसणार. पोलीस वगैरे नको. चूक माणसाकडूनच होते."

मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या लहान पोरीची बाजू घ्यावी, हे आजकाल कुठे बघायला मिळतं? शेठही थोडे नरमले, पण नरमताना मोहिनीचा गुन्हा त्यांनी मनात पक्का केला. चूक केली, आता ती कबूल करत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"नोंदी कशा ठेवायच्या हे तुम्ही आणि मोहिनीने मिळून आखलं होतं, नाही का?" अक्कांनी विचारलं.

"पाच वर्षं झाली त्याला. तिनेच मला शिकवलं सगळं. हुशार मुलगी."

डॉक्टर गेल्यावर अक्कांनी धुळ्याच्या ऑफिसात फोन लावला. तिथे झाडलोट आणि चहा बघणाऱ्या झुंबरबाई आहेत. शनिवारी डॉक्टर आले होते का, हे विचारलं.

"माले काय ठाऊक, आक्का? बठ्ठा भरीतले ग्यात. मी झाडीसन, कुलूप लाईसन घर निंघी गवू."

सगळे भरीताला गेलेले, आणि बाई झाडून, कुलूप लावून घरी. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. अक्कांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

६

ललित भोळे धुळ्याहून येऊन बाहेर बसलाच होता. घामाघूम. थंडीत माणसाला घाम आला की मी त्याच्याकडे दोनदा बघतो.

"शनिवारी दुपारी?" अक्कांनी विचारलं.

"बडगीत भरीत घोटत होतो, अक्का. तासन् तास. अजून खांदे दुखताहेत."

हे खरं होतं. मी स्वतः त्याला बाजूला व्हायला सांगितलं होतं आणि त्याने मुसळ सोडलं नव्हतं.

"शुक्रवारी तोताराम नानांचा फोन आला होता तुमच्याकडे. दखल का घेतली नाही?" हा प्रश्न माझा.

"नाही आला. हितेंद्रभाऊ, आमच्याकडे आलेला प्रत्येक फोन आधी नंबर घेतो. शुक्रवारी जामनेर भागातून एकही तक्रार नाही. आली असती तर तेव्हाच सतराची सगळी रोपं शोधली असती ना. शुक्रवारी इंडेक्स चालू होता."

"तुम्हाला तो लागतो?"

"लागतो? आमचं पोट आहे त्याच्यावर. शोधाची सगळी कामं आमच्या मशीनवरच करायची असं ठरलंय, इथल्यावर भार नको म्हणून. रोज शेतकरी विचारतात, माझ्या रोपाच्या आईची बाकीची रोपं कशी आलीत? मोहिनीचा निरोप आल्यावर मी लगेच तिला एकटीला माझ्या पडद्याचा फोटो पाठवला, की बाई, हा काढू नको."

मी मोहिनीला परत बोलावलं. फोटो तिच्या मोबाइलवर होता. शुक्रवार संध्याकाळचा. ललितच्या पडद्यावर झरोका उघडलेला, आणि आई-इंडेक्ससमोर भलामोठा चार आकडी आकडा.

शेठनी तो पाहिला आणि मोबाइल टेबलावर आपटला नाही एवढंच. "म्हणजे हिला माहीत होतं. हा काढला की धुळ्याचं काम ठप्प होणार हे शुक्रवारी रात्रीच माहीत होतं, आणि शनिवारी काढला. ही चूक नाही, अक्का. हे ठरवून केलंय." ते माझ्याकडे वळले. "हितेंद्र, पोलीस स्टेशनला फोन लाव."

मोहिनीने आपला डबा पिशवीत भरला. पिशवीची चेन तिला काही केल्या लागेना. मी मोबाइल काढला आणि नंबर शोधू लागलो.

"खाली ठेव तो," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलाव. आणि झुंबरबाईंना पुन्हा फोन लाव, व्हिडिओवाला."

७

डॉक्टर येऊन बसले. सगळे होते: शेठ, अखिल, ललित, दाराजवळ पिशवी घेऊन मोहिनी, आणि मी.

"डॉक्टर, मला एक समजवा," अक्का म्हणाल्या. "सतराच्या आईचं रोप आणि सतराची आई, ह्यांत फरक काय?"

डॉक्टर हसले. हा त्यांचा आवडता विषय. "काहीच नाही. तंतोतंत तेच. म्हणून तर टिश्यू कल्चर. आईत जे आहे ते रोपात, रोपात नाही ते आईत नाही."

"आणि धुळ्याचं मशीन हे जळगावच्या मशीनचं रोप."

"तसंच म्हणा. प्रत आहे ती."

अक्कांनी शेठच्या कॉम्प्युटरवर झरोका उघडायला लावला. आई-इंडेक्स तर गेला होता, पण दुसरे होते. "हा ट्रे-इंडेक्स. हितेंद्र, इथे काय आकडा आहे?"

"दोन आकडी," मी म्हणालो आणि आकडा वाचला.

मग त्यांनी मोबाइल समोर धरला. धुळ्यात झुंबरबाईंनी ललितच्या पडद्यासमोर आपला फोन धरला होता आणि आकडा दिसत होता.

"वरतून तिसरी ओळ, झुंबरबाई. तिथे किती?"

"आठे तं मोठा आकडा शे, आक्का. चार आकडा शेतस."

इथे दोन आकडी, तिथे चार आकडी. मला अजूनही कळलं नव्हतं, हे सांगून टाकतो.

"नोंदी दोन्हीकडे सारख्याच," अक्का म्हणाल्या, "इंडेक्सही सारखेच. इथला काढला की तिथला जातो. पण कुणाकडे किती जण विचारायला आले, हे ज्याचं त्याचं मशीन मोजतं. ते इकडून तिकडे जात नाही. एका आईची दोन रोपं, एक जामनेरला लावलं, एक शिरपूरला. दिसायला सारखी, पण कुणी किती पाणी प्यालं हे आईला विचारून कळेल का? आई-इंडेक्ससमोर शून्य फक्त जळगावात होतं, कारण इथून कुणी तो शोध घेतच नाही. धुळ्यात शुक्रवारी संध्याकाळी तिथे चार आकडे होते. शनिवारी दुपारी ललितच्या टेबलावर बसून झरोका उघडणाऱ्या माणसाला शून्य दिसणं शक्य नव्हतं. इंडेक्स जाण्याआधी बघितलं तर हजारो दिसले असते. गेल्यावर बघितलं तर ती ओळच नसती. शून्य बघायला जळगावातच असावं लागतं, डॉक्टर."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. एकदा इकडे, एकदा मोबाइलमध्ये. दोन आकडे, चार आकडे. आयुष्यभर ज्याने एकातून हजार सारखी रोपं काढली, त्याला प्रत वेगळी असू शकते हे सुचलंच नव्हतं.

"मी कदाचित दुसऱ्या दिवशी..." ते म्हणाले.

"हितेंद्र, नानांना वर आण."

नाना पान घेऊन वर आले. सकाळपासून मांडीवर राहून पान कोमेजलं होतं. अक्कांनी विचारलं, "नाना, शुक्रवारी फोन कुणाला केला होता?"

"डॉक्टरसायबाले," नाना साधेपणाने म्हणाले. "त्यायचा नंबर हाये ना माह्याकडे. पानाचा फोटूबी धाडला. साहेब म्हने, कोनाले दाखवू नको, मी सोमवारी सोता येतो. दुपारलोक वाट पाहू म्हटलं, पन जीव राहिना. म्हून आलो."

डॉक्टरांनी मान खाली घातली. नानांना काय झालं ते कळेना. ते आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

८

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक आईचा तुकडा विषाणूच्या तपासणीला जातो. ह्या वेळी सतराचा गेला नव्हता. "सतरा माझी होती," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं तिला काही झालं नाही. घाई होती, मी म्हटलं, हिला काय होणार." शुक्रवारी नानांचा फोटो आला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. शेडमधले सतराचे उरलेले ट्रे बुरशी लागली म्हणून रविवारी त्यांनी गुपचूप पुरून टाकले. पण शेतात गेलेल्या रोपांचं काय? धुळ्याने शोध घेतला की सतराचं नाव सगळीकडे होणार. मोहिनीचा निरोप आयताच हाती आला. मेळावा संपवून ते सरळ जळगावला आले, रिकाम्या ऑफिसात झरोका उघडला, शून्य पाहिलं, निर्धास्त झाले आणि सर्व्हर रूममध्ये जाऊन शेठच्या पासवर्डने इंडेक्स काढला. न वापरलेला इंडेक्स मोहिनीने काढला, असंच सगळ्यांना वाटणार होतं. दोनचार दिवस मिळाले असते तर काहीतरी सुचलं असतं.

"काय सुचलं असतं?" अक्कांनी विचारलं.



मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. चोर पकडल्यावर बरं वाटायला हवं. पण ह्या माणसासमोर मी मघाशीच उठून उभा राहिलो होतो. त्याने पोरीची बाजू घेतली तेव्हा मला भरून आलं होतं, आणि ती बाजू म्हणजे तिच्या गळ्यातला फास होता.

शेठ उठले, मोहिनीपाशी गेले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि टेबलावर ठेवली. माफी मागायची त्यांना सवय नाही. "किल्ली खिळ्याला आहे," ते म्हणाले. "जा, बेटा."

"माझा वेगळा पासवर्ड हवा," मोहिनी म्हणाली. "सगळ्यांचे वेगळे. आणि तुमचा कुणालाच नको."

"देतो."

ती सर्व्हर रूमकडे गेली. जाताना डॉक्टरांच्या खुर्चीशी क्षणभर थांबली. नानांसाठी मी जेवण मागवलं. ते घास घ्यायचे आणि विचारायचे, "झालं का मशीन?"

दिवेलागणीला इंडेक्स बांधून झाला. मोहिनीने आई सतरा असं टाकलं आणि ह्या वेळी चकरी फिरलीच नाही. नावं भराभर उतरत गेली: जामनेर, रावेर, यावल, चोपडा, शिरपूर. अखिल आणि ललित फोन लावायला बसले.

"तुम्ही नाही," अक्का म्हणाल्या. "डॉक्टर लावतील."

"अक्का, नको," डॉक्टर म्हणाले. "पोलिसांना बोलवा, पण हे नको."

"तुमचं काय करायचं ते अभय नंतर ठरवेल. आधी हे."

त्यांनी पहिला नंबर लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, एवढा तो आनंदाचा होता.

"डॉक्टरसाहेब? तुम्ही सोता फोन केला? अहो, बाग काय सुंदर आली तुमच्या रोपांची. या ना एकदा."

पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत राहिला. मग डॉक्टर म्हणाले, "भाऊ, उद्या सकाळी बागेत जा आणि मी सांगतो ती झाडं उपट. चूक माझी आहे." असे फोन त्यांनी एकामागून एक केले, आणि प्रत्येक वेळी त्यांना आधी कौतुक ऐकून घ्यावं लागलं.

मी शेठच्या टेबलापाशी उभा होतो. झरोका तसाच उघडा होता. मला त्यातलं अजूनही फारसं कळत नाही, पण आई-इंडेक्सची ओळ परत आलेली मला दिसली. मोहिनीने शोध जळगावातूनच घेतला होता. त्या ओळीसमोर आता शून्य नव्हतं, एक होता.